विमानाचं अंतर आणि वेळ दाखवणारं अ‍ॅप: पैसे भरून वापरल्यावर

नाव लिहीत नाही, कारण अशी अ‍ॅप पुष्कळ आहेत आणि बहुतेक एकाच साच्यातली. जाहिरातींना कंटाळून मी वर्षाचे पैसे भरले, म्हणून हक्कानं बोलतो.

अंतर चोख. सोलापूर-मुंबई सरळ रेषेत साधारण ३५७ किलोमीटर. रेल्वेनं तेच ४५५, कारण रूळ दौंड-पुणे करत घाट उतरतात.

वेळेचं मात्र वेगळंच. अ‍ॅप म्हणतं ५७ मिनिटं. १५ ऑक्टोबर २०२५ला सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं, आणि तिकिटावरची वेळ याच्याशी काही जुळेना. बरेच दिवस मी याला थापाड्या म्हणत होतो. मग विमानतळावर काम करणाऱ्या ओळखीच्या पोरानं समजावलं. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. रांग लागते, कधी वरच घिरट्या. कंपन्या हे धरूनच वेळ छापतात. अ‍ॅप फक्त अंतराला ताशी ८०० किलोमीटरनं भागतं, २७ मिनिटं येतात, वर उड्डाण-उतरणीची ३० टाकतं. झालं ५७! हिशेब सरळ निघाला म्हटल्यावर माझा राग निम्मा उतरला.

पण हाच भागाकार गोव्यालाही. अंतर ३०५ किलोमीटर, वेळ ५३ मिनिटं. जून २०२५ला सुरू झालेलं गोव्याचं विमान पंख्याचं एटीआर, ताशी ५०० च्या आसपास जाणारं. त्याला जेटचा वेग लावून कसं चालेल? विमानाचा प्रकार निवडायची सोय पैसे भरूनही नाही.

आणि खरा संताप नागपूरचा. ५०४ किलोमीटर, १ तास ८ मिनिटं, शेजारी विमानाचं गोंडस चित्र. ते बघून मेहुण्यानं लग्नाच्या सकाळी निघायचं ठरवलं. थेट विमानच नव्हतं! ऐनवेळी ट्रॅव्हल्सच्या गाडीत रात्र काढून पोचले सगळे, आणि अजून माझ्याच नावानं ओरडतात. कंपनीला लिहिलं, ‘थेट सेवा नाही’ एवढी ओळ तरी टाका. उत्तर आलं, अभिप्रायाबद्दल आभार. परत लिहिलं, परत आभार. विमानांच्या वाटेत अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ला पाडली. ती उभी होती तेव्हाही या अ‍ॅपनं मुंबई ५७ मिनिटांवरच दाखवली असती.

शिवाय लेक राहते कल्याणला. विमानतळावर तासभर आधी जा, मुंबईत उतरून ट्रॅफिकमधून उलटं कल्याण गाठा. त्यापेक्षा रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये झोपायचं, सकाळी कल्याणलाच उतरायचं. तिकीटही खिशाला परवडणारं. अंधेरी-पार्ल्याकडे काम असेल त्यानं खुशाल विमानानं जावं.

आता नूतनीकरणाचे मेसेज येताहेत. भरणार नाही. सरळ रेषेतलं अंतर फुकटच्या नकाशावरही मोजता येतं आणि आठशेनं भागायला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. पाचपैकी दोन तारे, दोन्ही अंतराला.