सर्टिफिकेट फाइलला लागलं, सात महिन्यांनंतर उरलं काय?

कॉलेजातल्या माझ्या प्रमोशनच्या फाइलला एक सर्टिफिकेट कमी पडत होतं. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत ऑनलाइन कोर्स चालतो, म्हणून 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा) अध्यापनाचा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला. हेतू एवढाच. त्याआधी दुसरीकडचा एक ऑनलाइन रिफ्रेशर कोर्स झाला होता: कॅमेरा बंद, हजेरीची लिंक उघडी आणि पुढ्यात सोलायचे मटार. त्यातलं एक वाक्य आठवत नाही. इथे मात्र दर आठवड्याला असाइनमेंट. बारांतल्या चांगल्या आठ धरतात, त्यांचे २५ टक्के, आणि उरलेले ७५ केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. पन्नाशीत हॉल तिकीट घेऊन रांगेत उभा राहिलो, तर मागे माझाच जुना विद्यार्थी.

आज बहुतेक स्लाइड विसरलोय. एकच गोष्ट अंगवळणी पडली, प्रश्न विचारून गप्प बसायचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी मुलं जास्त बोलतात, विचार करून बोलतात. मी माझंच लेक्चर मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं. सेकंदभरसुद्धा नाही! प्रश्न माझा, उत्तरही माझंच.

मग एफवायला विचारलं, "वर फेकलेला चेंडू सगळ्यात उंच पोचला, त्या क्षणी ॲक्सिलरेशन किती?"

"झिरो, सर," जवळजवळ अख्खा वर्ग.

म्हटलं, शेजाऱ्याला पटवून द्या. मनात दहा आकडे मोजले, फार जड गेले. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "अगं, झिरो असतं तर वरच लटकला असता ना तो!" वीस वर्षं मी हे फळ्यावर समजावतोय, इतक्या सोप्या शब्दांत कधी जमलं नव्हतं.

अडचण खोलीची आहे. आमचे बाक जमिनीला बोल्टने ठोकलेले. जोडी जमते, पण चौघांचा गट म्हटला की पुढचे दोघं मान मुरगाळून बसतात. त्यात पंखा असा खडखडतो की चर्चेपुरता तो बंद करावा लागतो. मार्चपासून चर्चा भलत्याच लवकर आटपायला लागल्या. सिलॅबसही मागे पडला, शेवटचं युनिट धावतपळत उरकलं.

कोर्स जरूर करा, पण शिकवणं चालू असताना. सुट्टीत केलात तर मटार सोलाल.

बाकांचे बोल्ट काढायचा अर्ज ऑफिसात पडून आहे. क्लार्क म्हणाला, "सर, लॅबमध्ये स्टुलं आहेत की." सोमवारपासून तास तिकडे घेतोय.