सात महिने घरच्या साबणानं दाढी करून राहिलो, त्याचा अनुभव

ऑक्टोबरच्या शेवटी पहिली बॅच केली होती, आता मे संपत आला, म्हणजे हिवाळा पण झाला आणि आपला नागपूरचा उन्हाळा पण, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. दोन आठवडे वापरून लिहिलेलं कामाचं नसतं, साबण खरा कसा आहे ते चार-पाच महिन्यांनी कळते.

सुरुवात केली ती मानेसाठी. डब्यातल्या फोमनं माझ्या मानेवर रोज लाल पुरळ यायचं, ब्लेड बदलून पाहिली, तुरटी लावून पाहिली, फरक नाही. बाबा अजून ब्रशनंच दाढी करतात आणि त्यांच्या मानेवर एक फोड नाही, तेव्हा वाटलं की ब्रश घ्यायचा तर साबण पण आपणच करू.

पहिली बॅच निव्वळ नारळ तेल आणि कॉस्टिक सोड्याची, अंगाचा साबण करतात तशीच. फेस असा आला की विचारू नका, पण गालावर लावून ब्लेड उचलेपर्यंत अर्धा विरलेला. नारळ तेलाचा फेस लवकर येतो, बुडबुडे मोठे, आणि तितकाच लवकर बसतो. दाढीला दाट, बारीक, ओला राहणारा फेस लागतो आणि तो येतो स्टिअरिक ॲसिडमधून, म्हणजे तेला-तुपात असते त्यातलंच एक मेणासारखं आम्ल. दुसरी गोष्ट म्हणजे कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड. सोड्यानं साबण कडक होते, पोटॅशचा साबण मऊ असते आणि पाण्यात पटकन विरघळते, म्हणून वडी करायची तर दोन्ही मिसळून घ्यायचे, क्रीम करायचं तर फक्त पोटॅश आणि पाणी-ग्लिसरीन जास्त. हे कळल्यावर सगळं सुधारलं.

आता माझं जे प्रमाण ठरलं ते असं, स्टिअरिक ११० ग्रॅम, नारळ तेल ६०, एरंडेल ३०, आणि शिजून झाल्यावर वरून ग्लिसरीन १५-२० ग्रॅम. कॉस्टिकचं तयार माप मी मुद्दाम देत नाही, कारण पोटॅश बहुतेक ९० टक्क्यांच्या आसपासच शुद्ध येते आणि तुमच्या पुडीवर काय लिहिलं आहे ते धरूनच हिशेब करावा लागते. अंदाजासाठी सांगतो, १ ग्रॅम नारळ तेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम सोडा लागते, स्टिअरिकला ०.१४ च्या जवळपास, एरंडेलला ०.१२८, आणि पोटॅश त्याच्या १.४ पट. यातून चार-पाच टक्के कॉस्टिक कमीच घ्या, म्हणजे थोडं तेल मोकळं राहते आणि कातडी ओढत नाही. ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा नसेल तर हे काम करूच नका, चमच्यानं मोजायची ही गोष्ट नाही. आणि कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही, चष्मा-हातमोजे घालून, आणि पातेलं स्टीलचंच. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खाते आणि त्यातून हायड्रोजन निघते.

सामान मला नागपूरच्या इतवारी बाजारात मिळालं, एरंडेल किराण्यातच. करताना एक गोष्ट लक्षात ठेवा, स्टिअरिक ७० डिग्रीच्या आसपास वितळते, त्यामुळे सगळं गरमच पाहिजे. कॉस्टिकचं पाणी टाकल्या टाकल्या मिश्रण थंड उपम्यासारखं घट्ट होते, पहिल्यांदा मला वाटलं बिघडलंच. बिघडत नाही बाप्पा, मोठ्या पातेल्यात पाणी ठेवून त्यात हे पातेलं ठेवायचं आणि तास-सव्वा तास ढवळत राहायचं, हळूहळू गुळगुळीत होते. त्याच दिवशी वापरता येते म्हणतात, पण माझ्या अनुभवात तीन-चार आठवडे ठेवलं की फेस जास्त चांगला येते.

फसलं काय ते पण सांगतो. आपल्याकडे जवसाचं तेल चांगलं मिळते म्हणून एका बॅचमध्ये टाकलं, अडीच महिन्यांत वडीवर केशरी डाग आणि खवट वास, सगळी फेकली. जवसाचं तेल हवेनं लवकर खराब होते, साबणात त्याचं काम नाही. संत्र्याच्या सालीची पावडर टाकली तर ती तपकिरी पडली आणि गालावर खरखर लागली, उटण्यात ठीक आहे, ब्लेडच्या आधी नको. संत्र्याच्या तेलाचा वास तर महिन्याभरात उडाला. खस टाकलं तेव्हापासून वास टिकून आहे आणि उन्हाळ्यात सकाळी ते फार बरं वाटते, कूलरच्या ताट्यांची आठवण येते.

पण सगळ्यात मोठा फरक कशानं पडला असेल तर पाण्यानं. आमच्याकडे नळाचं पाणी सकाळीच, बाकी दिवसभर बोअरचं. त्याच साबणाचा नळाच्या पाण्यात मलईसारखा फेस आणि बोअरच्या पाण्यात पांढरा चोथा, ब्रशच्या केसांना चिकटलेला. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणालाच धरते आणि न विरघळणारा चोथा तयार होते. दोन महिने मी रेसिपी बदलत बसलो होतो, चूक रेसिपीत नव्हतीच. आता एक वाटी फिल्टरचं पाणी ब्रशसाठी वेगळं घेतो, चेहरा धुवायला बोअरचं चालते.

क्रीम का वडी, तर हिवाळ्यात क्रीम मस्त, गार सकाळी पण लगेच फेसाळते. एप्रिलपासून मात्र बाथरूमच्या शेल्फवर पातळ होऊन वर पाणी सुटायला लागलं, ढवळून वापरता येते पण मजा नाही. वडी ४५ डिग्रीत पण जशीच्या तशी. म्हणून मार्चपर्यंत क्रीम आणि नंतर वडी, असं मी ठरवलं आहे. २०० ग्रॅम तेलाच्या एका बॅचमध्ये माझं आणि बाबांचं चार महिन्यांच्या वर निघालं.

मानेचं पुरळ डिसेंबरपासून नाही. त्यात ब्रशचा आणि सावकाश दाढी करण्याचा वाटा पण आहे, सगळं श्रेय साबणाला देणार नाही. बाबांनी आधी महिनाभर हात लावला नाही, मग एक दिवस माझी वाटी त्यांच्या आरशापाशी दिसली आणि ती तिथून परत आली नाही. आता पुढच्या बॅचमध्ये कोकमाचं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, घालून पाहणार आहे, त्यात स्टिअरिक मुळातच भरपूर असते, बाबांसाठी एक वेगळी वाटी भरूनच ठेवतो.