गोचिडीवर गोळी, थेंब की पट्टा?

कसबा बावड्यात आमच्या घरामागे म्हशींचा गोठा आणि पुढे उसाचं रान. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी स्विचबोर्डाच्या वर, भिंतीवर, एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली गोचीड चढताना दिसली. आमच्या कुत्रीच्या, राणीच्या, अंगावरून उतरून ती अंडी घालायला फट शोधत होती. कुत्र्यांवरची ही तपकिरी गोचीड हजारांनी अंडी घालते, आणि तीही घरातच. म्हणून औषध निवडताना कुत्र्याइतकंच घरही बघा.

खरी निवड मानेवरचे थेंब आणि खायची गोळी या दोघांतच आहे. थेंबांत बहुतेक वेळा फिप्रोनिल असतं. ते कातडीतल्या तेलासोबत एक-दोन दिवसांत अंगभर पसरतं आणि नुसत्या स्पर्शाने किडा मारतं. केस बाजूला सारून थेट कातडीवर, जीभ पोचणार नाही अशा जागी टाकायचं. केसांवर सांडलं की वाया गेलं. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही. मी इथेच चुकले. शनिवारी थेंब टाकले, रविवारी राणी चिखलात लोळून आली, तशी साबण लावून खसाखसा धुतली. आठवड्याभरात कानांच्या घडीत पुन्हा गोचिडी! ज्यांचं कुत्रं नदीत, पाटात डुंबतं त्यांनी थेंबांच्या नादाला लागू नये.

गोळीला पाण्याची भीती नाही. अफॉक्सोलानरची गोळी महिनाभर पुरते, फ्लुरालानरची पिसवांवर 12 आठवडे. वजन करून, पोटभर जेवणासोबत द्यायची. औषध रक्तात असतं, त्यामुळे गोचीड चावल्यावरच मरते. गोळी दिल्यावर अंगावर एखादी दिसली तर लगेच दुसरी गोळी देऊ नका. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. या गटातल्या औषधांनी काही जनावरांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिला होता. राणीला तो त्रास नाही, म्हणून मी गोळीवरच आले. महाग पडते, पण गोचीडतापाच्या सलाइनपेक्षा स्वस्तच. हिरड्या पांढुरक्या पडणं, नाकातून रक्त, लघवी काळपट होणं, या तापाचं यातलं कुठलंही लक्षण दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

पट्टा अंगणात बांधलेल्या, राखणीच्या कुत्र्याला बरा. फ्लुमेथ्रिन आणि इमिडाक्लोप्रिड असलेला चांगला पट्टा सात-आठ महिने चालतो, मात्र मान आणि पट्टा यांत दोन बोटं जावीत इतकाच सैल हवा. घरात रांगतं बाळ कुत्र्याच्या गळ्यात पडत असेल तर मी पट्टा घेणार नाही. पावडर आणि शाम्पू त्या दिवसापुरते. अंगावरचे किडे जातात, उद्या नवे चढतात.

मांजर असलेल्या घराचा हिशोब वेगळा. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. थरथर सुरू होते, झटके येतात, जीवही जातो. मांजराला मांजरासाठीचंच औषध, आणि तेही वजन सांगून. कापूर, निलगिरीचं तेल, लसूण, फिनेल यातलं काही मांजराच्या अंगाला किंवा पोटात नको.

आपल्याकडे सर्रास चालणारी एक गोष्ट कळकळीने सांगते. म्हशींवर मारायचं डेल्टामेथ्रिन किंवा अमित्राझ अंदाजाने बादलीत ओतून त्यात कुत्र्याला बुडवू नका. डोस चुकला आणि अंग चाटलं की विषबाधा. अमित्राझ खरजेवर कुत्र्यांनाही देतात, पण डॉक्टरांनी मापून दिलेलं.

आणि प्रत्येक खाज किड्यांचीच नसते. शेपटीच्या मुळाशी केस झडून चट्टा पडला असेल तर बहुधा पिसवा. ओल्या पांढऱ्या कागदावर अंगातले काळे कण झटका, तांबूस डाग उठला तर ती पिसवांची विष्ठा. गोल, कडेला खपल्या धरलेला चट्टा नायट्याचा असू शकतो, त्यावर गोचिडीची गोळी काही करणार नाही. तो माणसालाही होतो, पोरांना लांब ठेवा.

औषध कुठलंही घ्या, पिसवांची अंडी, अळ्या आणि कोश जनावराच्या अंगावर टिकत नाहीत. ती गोधडीत, सोफ्याखाली, फरशीच्या सांध्यांत असतात. अंथरुण आठवड्याला गरम पाण्यात, कोपरे रोज झाडायचे, भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवायच्या. हे फटींचं काम मृगाच्या आधी उरका. एकदा झड लागली की शहाबादी फरशी आठ-आठ दिवस वाळत नाही.