कॅज्युअल्टीतलं सोनोग्राफी मशीन: आठ महिन्यांनंतर

सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे अंगावर फिरवतात तो भाग, आज परत पडला. आठ महिन्यांत तिसऱ्यांदा, म्हणून लिहायला बसलोय. फीचर्स ब्रोशरमध्ये वाचा.

आधी होल्डर. ट्रॉलीवर प्रोब ठेवायची वाटी इतकी उथळ की दारातल्या पट्टीवरून ट्रॉली ढकलली की पोटाचा प्रोब उडी मारतो. दुसऱ्यांदा पडला तेव्हा त्यातले काही क्रिस्टल (ध्वनिलहरी सोडणारे तुकडे) गेले आणि स्क्रीनवर वरून खालपर्यंत काळा पट्टा उमटला. ओळखू येतो तसा: प्रोब सरकवला तर बरगडीची सावली सरकते, हा पट्टा जागचा हलत नाही. पण रात्री तीनला पोटातलं रक्त बघायला लिव्हर आणि किडनीमधली फट शोधताना हे कोणाला सुचतं? ताजं रक्तही काळंच दिसतं!

सर्व्हिसवाले म्हणाले, "सर, फिजिकल डॅमेज वॉरंटीत बसत नाही, नवाच घ्या." वर स्टँडबाय मशीन पाठवतो म्हणे. पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याच्या) नोंदणीशिवाय ते वापरता येत नाही, हे त्यांना मी सांगायचं! दीड महिना भांडून शेवटी पैसे भरले. वाटीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा लावला, खर्च शून्य.

मशीनवर मात्र पहिले दोन महिने मी फिदा होतो. फास्ट, म्हणजे अपघाताच्या पेशंटच्या पोटात आणि हृदयाभोवती रक्त साचलंय का ते बघायची झटपट सोनोग्राफी: चार जागा, तीन मिनिटं, पेशंट हलवायचा नाही. बीपी पडलेलं आणि पोटात पाणी (म्हणजे बहुधा रक्तच) दिसलं तर सीटीच्या नादी न लागता थेट ऑपरेशन थिएटर.

मग एक बाईकवाला आला. चारही जागा कोरड्या, मी खूश. पण पल्स १३०. पेल्विसच्या (कंबरेच्या हाडांच्या) एक्स-रेत पुढचा सांधा उघडलेला. रक्त पेरिटोनियमच्या, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराच्या, मागे साचत होतं, तिथे फास्टचं काही चालत नाही. ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्याच्या) पातळीवर चादर आवळून बांधली, रक्त चढवलं, प्रेशर सावरल्यावर कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) देऊन करायच्या सीटीला तालुक्याबाहेर पाठवला. तिथे लघवीची नळी नुसती चिमट्याने बंद करून 'मूत्राशय ठीक' असा रिपोर्ट दिला. अहो, नळीतून साधारण ३०० मिली पातळ केलेला कॉन्ट्रास्ट भरून मूत्राशय ताणल्याशिवाय फाटलेलं कळत नाही. दुसऱ्या दिवशी परत सीटी, परत बिल. आणि मूत्राशय फाटलेलंच निघालं.

तेव्हापासून फास्ट कोरडी आली की मी 'नॉर्मल' लिहीत नाही. 'आत्ता दिसत नाही' एवढंच लिहितो आणि तासाभरात परत बघतो. २०० मिलीच्या आतलं रक्त बहुधा दिसतच नाही, आणि आतडं फुटलेलं तर सहज निसटतं. पेशंट स्थिर असेल तर शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन सीटी, आणि लघवीच्या जागी रक्त दिसत असेल तर युरेथ्रोग्रामआधी (मूत्रमार्गात कॉन्ट्रास्ट भरून काढलेल्या एक्स-रेआधी) लघवीची नळी घालायची नाही, हे भिंतीवर चिकटवलंय.

आज प्रोब का पडला? तपासणीला साहेब येणार म्हणून वॉर्डबॉयने ट्यूब काढून ठेवली होती, बरी दिसत नाही म्हणे. स्क्रीनवर काळा पट्टा आलेला नाही, तीनदा बघितलं. ट्यूब परत लावलीय, या वेळी वर दोन गाठी मारून.