पॅरिसमध्ये अर्धाच दिवस: सँत शापेल की नोत्र दाम?

दोन्ही जुनी चर्च, सीन नदीतल्या एकाच बेटावर आहेत, मध्ये चालत पाच-सात मिनिटं, त्यामुळे वेळ असेल तर दोन्ही कराच. पण अर्धाच दिवस मोकळा मिळाला तर एकच निवडावं लागतं.

सँत शापेल म्हणजे रंगीत काच. नवव्या लुई राजाने येशूचा काटेरी मुकुट ठेवायला बांधलेलं, 1248 चं. खालचं चॅपल (छोटं प्रार्थनागृह) ठेंगणं, राजवाड्यातल्या नोकरमाणसांसाठी, आणि तिथून अरुंद गोल जिन्याने वर आलात की भिंतीच नाहीत असं वाटतं, 15 उंच खिडक्या नि त्यांच्या काचांत चितारलेले 1113 प्रसंग. काचकामाचं वेड असेल तर प्रश्नच नाही, इथेच जा.

माझं घोडं अडलं ते उन्हावर. तिकिटाचा स्लॉट आठवडाभर आधी बुक केलेला आणि नेमके त्या दुपारी ढग, कोर्टाच्या आवारात असल्याने सिक्युरिटीची रांग होतीच, ती संपवून वर पोचलो तर निळ्या काचा पार काळपट दिसत होत्या. मध्येच दोन मिनिटं ऊन आलं, समोरच्या आजींच्या पांढऱ्या स्वेटरवर लाल-जांभळे ठिपके उमटले आणि गेले. ती दोन मिनिटं अजून डोळ्यांसमोर आहेत, पण लांबून येणाऱ्या माणसाने ढगांच्या भरवशावर किती राहायचं?

नोत्र दामला तिकीट नाही, बुकिंग नसलं तरी रांगेतून आत जाता येतं, म्हणून मी सकाळी गेलो तसा संध्याकाळी परत गेलो. 2019 च्या आगीनंतर दगड इतका स्वच्छ केलाय की अंधारं काही बघायची तयारी ठेवून गेलेला माणूस चकित होतो, सगळं फिकट सायीच्या रंगाचं. गर्दी खूप, हे खरंय, कडेने फिरताना धक्के बसतात. पण हे नांदतं देऊळ आहे, आणि सँत शापेल आता म्युझियमच झालंय. तो काटेरी मुकुटसुद्धा 1806 पासून नोत्र दामकडेच आहे, आगीतून वाचवलेला.

ज्याची त्याची आवड, तरी मला विचाराल तर लख्ख ऊन असल्याशिवाय सँत शापेलचा हट्ट धरू नका. नोत्र दामला संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ बघून जा, मधल्या खुर्च्यांवर बसा. आगीतून वाचलेला तो मोठा ऑर्गन सुरू झाला की खुर्चीच्या लाकडातून थरथर हाताला कळते.