फीड रीडर: काही महिन्यांच्या वापरानंतर

हा रिव्ह्यू कुठल्या एका ॲपचा नाही. मधे मी ॲप बदललं, तरी अनुभव फारसा बदलला नाही, म्हणून आरएसएस फीड रीडर या प्रकाराबद्दलच लिहितेय. ज्यांचं वाचायचंय त्यांचं वाचायचं, मधे कोणी निवड करणारा नको, एवढ्यासाठी हे सुरू केलं. ते जमलं. पण त्यात एक गोष्ट हातची जाते, आणि ती कोणी आधी सांगत नाही.

ज्यांनी वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बहुतेक ब्लॉग आणि बातम्यांच्या साइट आपल्या ताज्या लेखांची यादी एका साध्या फाइलमध्ये ठेवतात; तीच फीड. रीडर अधूनमधून ती फाइल बघून येतो आणि नवीन काही असेल तर तारखेच्या क्रमाने समोर ठेवतो. आरएसएस हे तंत्र १९९९ पासूनचं आहे. पॉडकास्ट आजही यावरच चालतात, त्यामुळे 'आरएसएस कोण वापरतं आता' म्हणणारे स्वतःही वापरत असतात. यूट्यूब चॅनेलचीही फीड मिळते. फेसबुक, इन्स्टाग्राम मात्र ती देत नाहीत, आणि का देत नाहीत ते उघड आहे.

पहिले काही दिवस वैताग येतो. बातम्यांच्या साइट दिवसभर इतकं ओततात की न वाचलेल्या लेखांचा आकडा बघूनच छातीत धस्स होतं. मी बातम्या वेगळ्या फोल्डरात टाकल्या, तो आकडा सेटिंगमधून बंद केला आणि 'सगळं वाचलं असं समजा' हे बटण बिनदिक्कत वापरायला लागले. इथे शेवटची ओळ येते आणि त्याखाली काही नसतं. अंगठा सवयीने सरकत राहतो, पण स्क्रीन दाद देत नाही.

खरी मजा आहे ती क्वचित लिहिणाऱ्यांची. एका मराठी ब्लॉगवर कित्येक वर्षं काही हललं नव्हतं. तरी यादीत ठेवला होता. गप्प ब्लॉग काय त्रास देणार? मग एकदा अचानक त्यावर लांबलचक लेख आला, मराठी टाइपरायटरच्या कळफलकाबद्दल. आधी अर्धं अक्षर उठवायचं, मग दंडाची कळ दाबून ते पूर्ण करायचं, त्यामुळे जुन्या टायपिस्टची बोटं अक्षरं उच्चारात नाही तर आकारात मोजायची, असं सगळं. इतकी वर्षं गप्प बसलेल्या माणसाचा हा लेख सोशल मीडियावर माझ्यापर्यंत आलाच नसता.

मी त्या गृहस्थांना मेल केली. उत्तर लगेच आलं: आपलं कोणी वाचतंय याची त्यांना कल्पनाच नव्हती. इथेच ती हातची जाणारी गोष्ट. वाचणाऱ्याला जी शांतता मिळते, तिची किंमत लिहिणारा मोजतो. मी काय वाचलं, किती वाचलं, आवडलं का, यातलं त्याला काहीच कळत नाही. लाइकला आपण कितीही नावं ठेवू, पण 'पोचलं' एवढं तरी ते सांगतं.

हे असंच असायला हवं असं नाही. गूगल रीडर या गूगलच्या फीड रीडरमध्ये आवडलेला लेख मित्रांना दाखवून त्यावर तिथेच बोलता यायचं. २०११ मध्ये गूगल प्लस या स्वतःच्या सोशल नेटवर्कच्या नादात ती सोय काढली गेली आणि १ जुलै २०१३ ला रीडरच बंद झाला. मी पाहिलेले आजचे रीडर चांगले आहेत, पण एकट्याने वाचायचे आहेत. परिणामी ग्रुपवर सगळे ज्या व्हिडिओवर तुटून पडलेले असतात तो मला माहीतच नसतो. निम्म्या वेळा बरं वाटतं. उरलेल्या वेळी मी बाहेरची असते.

आता तक्रारी. काही साइट फीडमध्ये चारच ओळी देतात आणि पुढचं वाचायला साइटवर बोलावतात. असल्यांना मी यादीतून काढलं. साइटचा पत्ता बदलला की फीड मुकाट्याने मरते, ॲप त्याबद्दल बोलेलच असं नाही. आणि मराठी शोध! 'पाणी' शोधलं तर 'पाण्याचा', 'पाण्यात' असलेले लेख निघत नाहीत. सामान्यरूप नावाची गोष्ट बनवणाऱ्यांच्या गावीही नाही. मी दोन-तीन रूपं टाकून शोधते, पण हे काही उत्तर नव्हे.

ओपीएमएलबद्दल मात्र तक्रार करायला जागा नाही. आपल्या सगळ्या फीडची यादी या एका फाइलमध्ये बाहेर काढता येते. ॲप बदललं तेव्हा ती फाइल नव्यात घातली आणि फोल्डरांसकट सगळं जागेवर आलं. कुठल्याही सोशल ॲपमधून अशी आपली मंडळी उचलून नेऊन दाखवा! हीच फाइल मी एका मैत्रिणीला पाठवली. तिने निम्म्या फीड 'रटाळ' म्हणून उडवल्या, स्वतःच्या घातल्या आणि परत पाठवली. आता आम्ही दर थोड्या दिवसांनी फाइलची अदलाबदल करतो, आणि टाइपरायटरवाल्यांना मेल करण्याची पाळी सध्या तिची आहे.