दख्खनी महसीर आणि कावेरीचा कुबडा महसीर

ब्रिटिश निसर्गअभ्यासक साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून वर्णन केलेला दख्खनी महसीर, म्हणजे टॉर खुद्री, आणि केवळ कावेरीच्या खोऱ्यात आढळणारा कुबडा महसीर, म्हणजे टॉर रेमादेवी, हे दोघेही मोठ्या खवल्यांचे, वाहत्या, प्राणवायूयुक्त पाण्यात रमणारे मासे आहेत. दोघांच्याही जबड्यात दात नसतात; अन्न चिरडले जाते ते घशातील दातांनी.

फरक प्रथम आकारात दिसतो. कुबड्याच्या डोक्यामागे ठळक उंचवटा असतो, पर नारिंगी असतात आणि वजन ५० किलोच्याही पुढे जाऊ शकते. १९४६ मध्ये म्हैसूर परिसरात गळाला लागलेला १२० पौंडांचा महसीर आजही सांगितला जातो. दख्खनी महसिराचे पर निळसर असतात.

खरा फरक मात्र माणसाने घडवला. लोणावळ्याच्या वळवण येथील केंद्रात दख्खनी महसिराची कृत्रिम पैदास साधली आणि त्याची पिल्ले दूरवर, अगदी कावेरीतही, सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण तेथे हा पाहुणा वाढला आणि यजमान घटला. २०१८ मध्ये कुबड्याची शास्त्रीय ओळख निश्चित होऊन तो धोक्यातील प्रजातींच्या जागतिक (आययूसीएन) यादीत अतिसंकटग्रस्त ठरला, तर दख्खनी महसीर कमी चिंतेच्या गटात गेला.